दीवला तीन रात्री द्या

सोमनाथ, सासण गीर, द्वारका आणि मध्ये कुठंतरी दीव. महाराष्ट्रातून सौराष्ट्राकडे निघणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये दीवच्या वाट्याला एकच रात्र येते. दुपार कलता कलता बस पूल ओलांडून बेटावर येते, संध्याकाळ नागोआच्या किनाऱ्यावर जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात तासभर फोटो निघतात आणि जेवणाच्या आत गाडी पुन्हा गुजरातच्या हद्दीत शिरलेली असते. शेजारच्या गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बेट गजबजतं आणि सुट्टी संपली की ओसरतं. पर्यटकांचा पैसा येतो, पण तो किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि बारमध्येच फिरत राहतो. किल्ल्याच्या पश्चिमेला पसरलेल्या जुन्या शहराच्या गल्ल्यांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं.

दीवच्या वाट्याला यापेक्षा जास्त यायला हवं. जे प्रवासी इतक्या लांबून तिथं जातात त्यांच्याही वाट्याला यायला हवं.

पोर्तुगिजांनी वसवलेलं शहर म्हटलं की मराठी माणसाला गोव्याखालोखाल वसई आठवते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि कोटातलं शहर पुढं ओस पडलं. छपरं नसलेली चर्चं, भिंतींतून उगवलेले पिंपळ आणि विवाहापूर्वीचे फोटो काढायला आलेली जोडपी, असं आज त्या कोटातलं दृश्य असतं. दीवची गोष्ट वेगळी आहे. पूर्वेच्या टोकाला किल्ला आणि पश्चिमेला झांपा दरवाजा असलेली तटबंदी, या दोहोंच्या मधलं शहर अजून नांदतं आहे. तिथं सकाळी दूधवाला येतो, शाळा भरते, मासळीबाजार बसतो, नवरात्रात गरबा रंगतो. सोळाव्या-सतराव्या शतकात आखलेल्या गल्ल्यांतून आज स्कूटर जातात. पश्चिम किनाऱ्यावर असं वस्ती असलेलं, हिंडण्याजोगं, आटोपशीर जुनं शहर फार क्वचित आढळतं, आणि ते टिकवायचं तर तिथल्या माणसांना तिथं राहणं परवडलं पाहिजे. दीवला कसं जावं, कुठं उतरावं, पैसा कुठं खर्च करावा हे प्रश्न त्यामुळे केवळ हौसेचे राहत नाहीत.

बेट तसं लहान. पूर्व-पश्चिम लांबी साधारण अकरा किलोमीटर, रुंदी तीनेक किलोमीटर. पलीकडच्या भूभागावरचं घोघला आणि बेटावरचं दीव शहर मिळून इथली नगरपालिका होते, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या चोवीस हजारांच्या आसपास होती. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढीच ही वस्ती. पण एवढ्याशा जागेसाठी सोळाव्या शतकात कैरोपासून लिस्बनपर्यंतच्या सत्ता भांडत होत्या. खंबातच्या आखातात शिरणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला यासारखी जागा नव्हती. गुजरातचं कापड इथून तांबड्या समुद्रात, इराणच्या आखातात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाई.

या इतिहासाचा एक धागा थेट रायगड जिल्ह्यातून येतो. १५०८ मध्ये रेवदंड्याजवळ चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा कारभारी मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगिजांना गाठलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. बाप सूड घ्यायला निघाला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोरच्या समुद्रात त्यानं मामलुक, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा सामुद्री यांच्या संयुक्त आरमाराचा धुव्वा उडवला. अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचा वचक बसला तो या लढाईनं. चौलची ती खाडी मुंबईकर दर शनिवार-रविवारी अलिबाग-मुरूडच्या वाटेवर ओलांडतात.

दुसरा धागा वसईचाच. डिसेंबर १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशाहानं वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. पुढच्याच वर्षी हुमायूननं गुजरातवर चाल केली तेव्हा मदतीच्या बदल्यात बहादूरशाहानं दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगीही देऊन टाकली. ती त्याला महाग पडली. फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याच्या जहाजावर भेटीला गेलेला बहादूरशाह परतताना दीवच्या पाण्यातच मारला गेला. अकबरनाम्यातल्या एका चित्रात हा प्रसंग रंगवलेला आहे. त्यानंतर १५३८ मध्ये तुर्कांच्या आरमारानं आणि १५४६ मध्ये गुजरातच्या फौजेनं किल्ल्याला वेढा घातला. दोन्ही वेळा किल्ला टिकला. दुसऱ्या वेढ्यानंतर पोर्तुगिजांनी इथून नेलेली, १५३३ मध्ये ओतलेली गुजरातची एक अजस्र तोफ आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

दुसऱ्या वेढ्यात किल्ल्याची पार पडझड झाली होती आणि तो पुन्हा उभा करायला पैसा नव्हता. पोर्तुगीज इतिहासकारांनी सांगितलेली कथा अशी, की गव्हर्नर जुआंव द काश्त्रूनं गोव्याच्या नगरसभेकडं कर्ज मागितलं. वेढ्यात पडलेल्या आपल्या मुलाच्या अस्थीच तारण म्हणून पाठवायचा त्याचा विचार होता, ते जमलं नाही तेव्हा त्यानं दाढीचे केस पाठवले. गोव्याच्या नगरसभेनं पैसे उभे केले आणि केस परत केले. एका बेटावरच्या शहरानं दुसऱ्या बेटावरच्या शहरासाठी वर्गणी काढली, असा हा प्रसंग. वैभवाच्या काळातलं जुनं गोवे, आपलं ओल्ड गोवा, हेही मांडवीच्या काठी तिसवाडीच्या बेटावरच वसलेलं होतं.

किल्ल्यात गेल्यावर हे सगळं डोळ्यांपुढं उभं राहायला तासभर पुरत नाही. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला कातळात खोदलेला खंदक, तटांच्या दोन रांगा, बुरुजांवर समुद्राकडं तोंड केलेल्या तोफा, दीपगृह. तटाच्या दगडाकडं जवळून पाहिलं की त्यात समुद्री जीवांच्या शंख-शिंपल्यांचे बारीक कण दिसतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा हा चुनखडीचा दगड मुंबईकरांना पोरबंदरचा दगड म्हणून परिचित आहे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या नक्षीत तोच वापरलेला आहे. दीवच्या दगडाच्या खाणी शहराच्या तटाबाहेर आहेत आणि आता त्यांना नायडा गुंफा म्हणतात. वरून फुटलेल्या छतांतून ऊन आत उतरतं, भिंतींवर छिन्नीचे चौकोनी घाव एकाखाली एक दिसतात, आणि कुठल्या मापाचा चिरा कसा सोडवला असेल याचा अंदाज येतो. लोक तिथं ऊन-सावलीचे फोटो काढून निघतात. किल्ला आणि नायडा एकाच दिवशी, एकामागून एक पाहिले तर दगड निघाला कुठून आणि लागला कुठं, हे एका नजरेत कळतं. सहलीच्या मार्गदर्शकांनी एवढा क्रम बदलला तरी फरक पडेल.

शहरातली तीन मोठी चर्चं किल्ल्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत. सेंट पॉल चर्च १६१० मध्ये पुरं झालं. त्याचा दर्शनी भाग आणि आतली लाकडी कोरीव वेदी यांच्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. इथं अजून प्रार्थना होते. १५९८ चं सेंट थॉमस चर्च आता संग्रहालय आहे, लाकडी संतमूर्तींचं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च १५९३ चं, आणि पुढं त्याच्या आवारात इस्पितळ चालत असे. बेटावर आज ख्रिस्ती कुटुंबं थोडीच उरली आहेत. वस्ती मुख्यतः गुजराती बोलणाऱ्या हिंदूंची, त्याखालोखाल मुसलमानांची. पारशांच्या किस्सा-ए-संजान या काव्यानुसार इराणहून निघालेले त्यांचे पूर्वज आधी दीवला उतरले आणि एकोणीस वर्षं राहून मग संजानला गेले.

बाहेरून येणारा प्रवासी ज्या बसस्थानकावर उतरतो त्याला जेठीबाईचं नाव आहे, आणि ही बाई कोण हे विचारणारे फार थोडे. दीवची लोकं सांगतात ती गोष्ट अशी. जेठीबाई कच्छमधल्या मांडवीची. नवऱ्याबरोबर दीवला आली आणि कापड रंगवण्या-छापण्याचा कारखाना चालवू लागली. पोर्तुगीज राजवटीत बाप मेलेल्या अल्पवयीन हिंदू मुलांना अनाथ ठरवून ताब्यात घ्यायचं आणि बाप्तिस्मा द्यायचा, असा कायदा होता. गोव्यात तो १५५९ मध्ये आला आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांनी मुलांना घेऊन रातोरात नद्या ओलांडल्या. जेठीबाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या घरांवरही हे संकट आलं. तिनं एक ओढणी विणून, रंगवून घेतली, तिच्यावर आपली फिर्याद छापली आणि ती पोर्तुगालच्या राणीकडं पाठवली. राणीनं तिची दाद घेतली, दीवपुरता जुलूम थांबला. या कथेत इतिहास किती आणि लोकांनी जपताना घातलेली भर किती, हे संशोधकांनी ठरवावं. पण एका कारागीर बाईनं आपल्या हातच्या मालावरच अर्ज लिहिला, ही आठवण एका शहरानं पिढ्यान् पिढ्या सांभाळली आणि बसस्थानकाला तिचं नाव दिलं. त्या बसस्थानकावर ही गोष्ट गुजराती, मराठी, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असायला हवी. किल्ल्यातल्या चार तोफांपेक्षा तिनं शहर जास्त समजतं.

बसस्थानकाच्या समोरच मासळीबाजार भरतो. तिथून आत वळलं की जुन्या घरांच्या गल्ल्या सुरू होतात. निळ्या, पिवळ्या, गुलाबी भिंती, लाकडी कठडे, दारावरच्या चुन्याच्या नक्षीत फुलं, सिंह, कधी वर्षाचे आकडे. यांतली पुष्कळ घरं वाणी व्यापाऱ्यांनी बांधली. गुजरातचं कापड मोझांबिकला न्यायचं आणि तिथून हस्तिदंत आणायचं, हा त्यांचा शतकानुशतकांचा धंदा. १६८६ मध्ये दीवच्या वाण्यांच्या एका कंपनीला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ताच मिळाला होता. तिकडं इल्या द मोसांबिक या आणखी एका बेटावरच्या शहरात त्यांच्या पेढ्या होत्या. त्या शहराला १९९१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. व्यापाराचं हे टोक तेवढं उजेडात आलं, दीवचं टोक अजून सहलीच्या पत्रकात दोन ओळींवर भागवलं जातं.

त्या घरांपैकी बऱ्याच दारांना आज कुलूप आहे. हे बेटाचं सर्वांत मोठं दुखणं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या दीवकरांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. आधी मोझांबिक, मग लिस्बन, मग इंग्लंडमधलं लेस्टर, अशी माणसं जात राहिली. लिस्बनच्या उपनगरांत दीवचे गवंडी आणि त्यांची मुलंबाळं राहतात, त्यांनी तिथं देवळंही उभारली. २०११ च्या जनगणनेत दीव जिल्ह्यात हजार पुरुषांमागं हजाराहून जास्त स्त्रिया होत्या, त्याचंही कारण हेच: कर्ती माणसं परदेशात किंवा दर्यावर. परदेशातून येणाऱ्या पैशात फुदमसारख्या गावांत नवी घरं उठली. शहरातली जुनी घरं मात्र चार वाटेकऱ्यांत अडकतात, पावसाळ्यात कौलं सरकतात, वासे कुजतात आणि एक दिवस भिंत रस्त्यावर येते.

या घरांचं काय करायचं हा नगरपालिकेपुढचा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०१८ मध्ये दीव स्मार्ट सिटी योजनेत आलं. दिवसाची विजेची सगळी गरज सौरऊर्जेवर भागवणारं देशातलं पहिलं ठिकाण म्हणून त्याचं नाव झालं. फुदमजवळच्या पडीक खडकाळ जमिनीवर उभारलेलं सौर संकुल आणि सरकारी इमारतींच्या छपरांवरची पॅनेलं यांची ही कमाई. एवढ्या लहान प्रशासनाला हे साधलं, तर दोन-तीनशे जुन्या घरांची नोंद करणं, दुरुस्तीला चुना-लाकडाचं काम येणारे कारागीर मिळवून देणं, राहत्या जुन्या घराला घरपट्टीत सूट देणं, बंद घर पाहुण्यांसाठी उघडणाऱ्या मालकाला परवाने एका खिडकीवर देणं, हेही साधेल. गोव्यात पणजीच्या फोंताइन्याश भागात जुनी घरं लहान अतिथिगृहं झाली आणि वस्तीला टेकू मिळाला. तिथं गर्दीचा त्रासही आला, रहिवासी फोटोवाल्यांना कंटाळले. दीवनं दोन्ही गोष्टी बघून आधीच शहाणपणा करावा: घरांना उत्पन्न मिळावं आणि उंबऱ्यावर कुणी न विचारता उभं राहू नये.

प्रवाशांचा वाटा इथं सुरू होतो. शहरात उतरलं, जवळच्या खाणावळीत जेवलं, भाड्याच्या सायकलीवर हिंडलं तर पैसा या गल्ल्यांत येतो. नागोआच्या मोठ्या हॉटेलात सकाळ-संध्याकाळ घालवली तर येत नाही. बेट सपाट आहे, अंतरं लहान आहेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. सायकलीला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

सायकलीवर पश्चिमेकडं निघालं की वाटेत दोन्ही अंगांना एक विचित्र झाड दिसू लागतं. ताडाचंच, पण खोड वर जाऊन दुभंगतं, प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. तपकिरी, टणक फळं लागतात, त्यांना इथं होका म्हणतात आणि ती रस्त्याकडेला विकायला असतात. पोर्तुगिजांनी हे झाड आफ्रिकेतून आणलं असं सर्रास सांगितलं जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र भारताच्या पश्चिम किनाऱ्याची ही स्वतंत्र जात मानतात, आफ्रिकेतल्या जातींची जवळची नातेवाईक. बेटाची ओळख ठरलेलं हे झाड नव्या बांधकामांत सहज तोडलं जातं, कारण त्याला वाढायला किती वर्षं लागतात याचा हिशेब आराखड्यात धरलेला नसतो. किनाऱ्यावर नवं काही उभं करताना होक्याच्या झाडांची मोजणी आधी व्हावी.

फुदमच्या खाडीकडच्या बाजूला जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य आहे. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, तिवरं, जुनी मिठागरं. हिवाळ्यात रोहित येतात, तुतवार, चिखले, बगळे दिसतात. ठाण्या-ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला गर्दी करणाऱ्यांना ही जागा लगेच भावेल. सकाळी सहाला जावं, दुर्बीण न्यावी, आवाज करू नये. फुदमलाच गंगेश्वराचं ठिकाण आहे. समुद्राकाठच्या कपारीत पाच शिवलिंगं, भरतीची लाट त्यांच्यावर येऊन जाते. पांडवांनी ती स्थापिली अशी श्रद्धा. सोमवारी आणि श्रावणात इथं बायका पहाटे पाणी घालायला येतात. ज्यांना देव आणि समुद्र एकत्र बघायचे आहेत त्यांनी भरतीची वेळ विचारून जावं.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा. दीवच्या दोन-दिवसी सहलीत हे गाव जवळजवळ कधीच नसतं, आणि बेटाचं रोजचं पोट भरतं ते इथल्या मासेमारीवर. धक्क्याला लागलेल्या शेकडो बोटी, त्यांच्या झेंड्यांची फडफड, बर्फ फोडण्याचा आवाज, टोपल्या डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका. वर्सोवा, सातपाटी, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांतून गेलेल्या माणसाला इथं फार विचारावं लागत नाही. तांडेल इथंही तांडेलच. पावसाळ्यात मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, मग बोटी बाहेर. वरच्या किनाऱ्यावर नवाबंदर, जाफराबादला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, आणि त्यांतला बराच माल महाराष्ट्राच्या बाजारात येतो.

धक्क्यापासून थोडं बाजूला बोटी बांधल्या जातात. वाळूत टेकूंवर उभा केलेला लाकडी सांगाडा, बाभळीच्या नैसर्गिक वाकणाच्या फासळ्या, त्यांवर एकेक करून वाकवून ठोकलेल्या फळ्या. सुतार फळीची कड रंध्यानं दोन-चार वेळा घेतो, लावून बघतो, पुन्हा काढतो. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात बोथट छिन्नीनं ठोकून बसवतात आणि वर राळ भरतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, कापूस फुगतो आणि फट बंद होते. कागदावर काढलेला आराखडा या कामात क्वचित असतो, माप सुताराच्या डोळ्यात असतं. फायबरच्या बोटी स्वस्त आणि सांभाळायला सोप्या, त्यामुळे हे काम आटत चाललं आहे. दीवमध्ये संग्रहालयं आणखी होतील तेव्हा होतील. त्याआधी या सुतारांकडं शिकायला चार पोरं येतील असं विद्यावेतन सुरू करणं जास्त निकडीचं आहे.

वणाकबाऱ्याच्या घरांत एक वेगळीच काळजी असते. इथले खलाशी मासळीच्या मागं उत्तरेकडं कच्छच्या समुद्रापर्यंत जातात. सर क्रीकचा वाद अजून सुटलेला नाही, समुद्रावर रेघ मारलेली नसते, आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोटी पकडून कराचीला नेते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांत पालघर जिल्ह्यातल्या खलाशांचीही नावं असतात, कारण गुजरातच्या बोटींवर तिकडची मुलं कामाला जातात. शिक्षा भोगून संपली तरी सुटका वर्षानुवर्षं लांबते. पकडलेली बोट तर परत येतच नाही, कर्ज मात्र राहतं. धक्क्यावर जाऊन नुसते रंगीत झेंड्यांचे फोटो काढून परतणाऱ्याला हे कळणार नाही. थोडं थांबून, कुणाच्या कामाच्या आड न येता बोललं तर कळतं, आणि दोन किनाऱ्यांवरची ही माणसं एकाच संकटात आहेत हेही.

समुद्रानं घेतलेल्या आणखी काही माणसांची जागा चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती समुद्राकडं तोंड करून ठेवली आहे. त्याच नावाची दुसरी युद्धनौका निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये दीव प्रशासनाकडं सोपवण्यात आली. नौदलाचं पश्चिम मुख्यालय मुंबईत, त्यामुळे खुकरीच्या आठवणी महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत आहेत. इथं येणाऱ्या शाळांच्या सहलींना ही हकिगत उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगून मोकळं होऊ नये.

दीवच्या मुक्तीची गोष्ट तर आपल्याकडं गोव्याच्या गोष्टीत हरवूनच गेली. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबर दीववरही चढाई झाली आणि इथं लढाई खरोखर झाली. खाडी ओलांडताना आपले जवान पडले, पोर्तुगिजांची वेगा ही गस्तनौका विमानांनी बुडवली, आयएनएस दिल्लीच्या तोफा चालल्या, मग किल्ला शरण आला. पुढं १९८७ पर्यंत दीवचा कारभार पणजीहून चाले. गोवा राज्य झालं तेव्हा दमण-दीव वेगळं पडलं, आणि २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेलीशी जोडलं गेलं. सरकारी कागदावर गोव्याशी असलेलं नातं तुटलं, पण गोव्याच्या शाळेत मुक्तिदिन साजरा होताना दीवमध्ये पडलेल्या जवानांची नावंही घेतली जावीत. तेवढं करायला नवा कायदा लागत नाही.

किनारे? नागोआची चंद्रकोर देखणी आहे, पोहायला बरी आहे. घोघल्याच्या किनाऱ्याला २०२० मध्ये, भारतातल्या पहिल्या आठांत, ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. मे २०२५ मध्ये खेलो इंडिया बीच गेम्स तिथल्याच वाळूवर झाले. हे चांगलंच आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. बेट चुनखडीचं, त्यावर एकही मोठी नदी नाही, गोडं पाणी जपून वापरावं लागतं. खोल्या वाढतील तसं पाणी आणि कचरा हे दोन प्रश्न वाढतील, आणि त्यांचा भार हॉटेलवाल्यांआधी घोघला-वणाकबाऱ्याच्या नळावर येईल. किती खोल्या पुरे, याचा आकडा प्रशासनानं आत्ताच ठरवून जाहीर करावा. लक्षद्वीपबद्दल हा वाद देशभर झाला, दीवबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही.

सहल कंपन्यांकडं मागणं त्याहून सोपं आहे. सोमनाथ-दीव-गीर या मार्गावर दीवची एक रात्र असते तिच्या तीन कराव्यात, आणि तेवढ्यासाठी द्वारकेची धावपळ वेगळ्या सहलीत टाकावी. पहिला दिवस नायडा, किल्ला आणि संध्याकाळी होडीनं पाणीकोट्याभोवती एक फेरी. खाडीच्या तोंडाशी उभा असलेला हा छोटा जलदुर्ग पाण्यावरूनच नीट दिसतो. दुसरा दिवस पायी: झांपा दरवाजा, चर्चं, घरांच्या गल्ल्या, मासळीबाजार, आणि स्थानिक माणूस वाटाड्या म्हणून, त्याला ठरवून चांगला मोबदला देऊन. तिसऱ्या पहाटे फुदमचे पक्षी, मग वणाकबारा. तिथून फेरीबोटीनं पलीकडं कोटड्याला उतरता येतं आणि कोडिनारमार्गे सोमनाथचा रस्ता धरता येतो. बसही तोपर्यंत पुलावरून वळसा घालून कोटड्याला पोचलेली असते.